गेल्या वर्षीचा पगार विसरा, या महिन्याचं बोला

पत्र:

नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये स्लावला राहतो, तेरा वर्षं झाली. मी ब्रिटिश सिटिझन आहे, मिस्टर आयएलआरवर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर. मोठा मुलगा ९ वर्षांचा, धाकटी ५. मिस्टर आयटीत होते, पगार ८५,००० पौंड होता. ऑगस्टच्या शेवटी कंपनीने रिडंडन्सी दिली, म्हणजे कामावरून कमी केलं, शेवटचा पगार आणि रिडंडन्सीचे पैसे सप्टेंबरअखेर आले, तेव्हापासून इंटरव्ह्यू चालू आहेत पण हातात काही नाही. मी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, महिन्याला ९०० पौंड हातात येतात आणि घरभाडंच १,५०० आहे. एका मैत्रिणीचे मिस्टर म्हणाले की फॅमिली टॅक्स क्रेडिट असतं पण त्यात गेल्या वर्षीचं उत्पन्न बघतात, २,५०० पौंडांचा काहीतरी नियमही आहे, त्यामुळे आत्ता काही मिळणार नाही, एप्रिलपर्यंत थांबा. आणि तोवर पुण्यातली एफडी दिरांच्या नावावर करा म्हणजे सेव्हिंग दिसणार नाही. इथे बँकेत रिडंडन्सी धरून ९,५०० पौंड आहेत, पुण्यात ५ लाखांची एफडी आणि वाकडला मिस्टरांच्या नावावर टू बीएचके, तिथे सासू-सासरे राहतात. मिस्टरांना सरकारचे पैसे घेणं अजिबात पटत नाही. काय करावं?

स्लावहून एक वाचक

उत्तर:

ताई, आधी थोडक्यात सांगते मग सविस्तर बोलू. एप्रिलपर्यंत अजिबात थांबू नका, याच आठवड्यात युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, क्लेम टाका, आणि त्या एफडीला हातही लावू नका.

मैत्रिणीचे मिस्टर खोटं सांगत नाहीयेत, फक्त जुनं सांगतायत. टॅक्स क्रेडिट, म्हणजे अशीच जुनी सरकारी मदत, २००३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं होतं आणि ५ एप्रिल २०२५ ला कायमचं बंद झालं, नवीन लोकांना तर त्याआधी कितीतरी वर्षं घेतच नव्हते. त्यात हिशोब खरंच मागच्या टॅक्स वर्षाच्या उत्पन्नावर सुरू व्हायचा, आणि यावर्षी पगार घटला असं कळवलं तर पहिले २,५०० पौंड सोडून बाकीची घट धरायचे, म्हणजे समजा २०,००० नी घटलं तर तुमचं १७,५०० नीच घटलंय असं मानायचे. तोच तो नियम. शिवाय वर्ष संपलं की पुन्हा हिशोब आणि जास्त गेले असतील तर वसुली, त्या वसुलीची पत्रं लोकांना अजून येतात. त्यामुळे ज्यांनी तो काळ काढलाय त्यांच्या डोक्यात "गेल्या वर्षीचं उत्पन्न" हे पक्कं बसलंय आणि ते दुसऱ्यांना तेच सांगत सुटतात.

युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे यूसीला, गेल्या वर्षी तुम्ही ८५,००० कमवत होतात की ८,००० याच्याशी काही देणंघेणं नाही. ते फक्त महिना बघतात. तुम्ही ज्या तारखेला क्लेम टाकता त्या तारखेपासून एक महिना मोजतात, त्या महिन्यात घरात पगार किती आला ते पगाराच्या सिस्टीममधून त्यांना आपोआप कळतं, आणि त्यावर त्या महिन्याचे पैसे ठरतात. मिस्टरांचा शेवटचा पगार सप्टेंबरमध्येच येऊन गेला, तो क्लेमच्या आधीचा, त्यामुळे तो उत्पन्नात धरणार नाहीत. (ज्यांची नोकरी आत्ताच गेलीय त्यांनी मात्र हे लक्षात ठेवा, शेवटचा पगार आणि नोटीस पे खात्यात पडल्यावरच क्लेम टाकलेला बरा, नाहीतर पहिलाच महिना कोरडा जातो.) तुमचं ते झालंय, म्हणून आता जितके दिवस थांबाल तितके दिवस फुकट. मागच्या तारखेपासून द्या म्हटलं तर जास्तीत जास्त एक महिना मागे जातात आणि तेही आजारपण वगैरे ठरावीक कारणं असतील तरच, आम्हाला माहीत नव्हतं हे कारण चालत नाही.

आता तुमच्या घराचा अंदाज काढू, २०२५-२६ च्या दराने. जोडप्याचे ६२८.१० पौंड. मोठ्याचे ३३९, कारण पहिलं मूल ६ एप्रिल २०१७ च्या आधी जन्मलेलं असेल तर दर जास्त आहे, आणि धाकटीचे २९२.८१. झाले १,२५९.९१. यात घरभाड्याचे पैसे वेगळे मिळतात पण पूर्ण १,५०० मिळतीलच असं समजू नका, तुमच्या भागातल्या दोन बेडरूमच्या सरकारी दरापर्यंतच देतात, त्याला एलएचए म्हणतात, सरकारच्या एलएचएच्या साईटवर पोस्टकोड टाकलात की कळेल. मग तुमचा पगार वजा होतो, पण सगळा नाही. मुलं आहेत आणि भाड्याची मदत मिळतेय म्हणून पहिल्या ४११ पौंडांना हात लावत नाहीत, उरलेल्या ४८९ चे ५५ टक्के कापतात, म्हणजे २६८.९५. राहिले ९९०.९६ आणि वर भाड्याची रक्कम. अजून एक, बेनिफिट कॅप नावाची वरची मर्यादा असते पण घरात मिळून महिन्याला हातात ८४६ पौंड पगार आला तर ती लागत नाही, तुमचे ९०० येतात, म्हणजे तुमच्या पार्टटाइम नोकरीनेच इथे घर वाचवलंय. शाळेतले तास कमी करायचा विचार चुकूनही करू नका.

यातून सेव्हिंगचं कापतात, आणि पत्रातला खरा अवघड भाग हाच आहे.

नियम असा की दोघांचं मिळून सेव्हिंग १६,००० पौंडांच्या वर असेल तर यूसी नाही. ६,००० पर्यंत असेल तर काहीच कापत नाहीत. मधल्यांचं ६,००० च्या वरच्या दर २५० पौंडांमागे महिना ४.३५ कापतात. आणि यात भारतातलं सगळं येतं, पुण्यातली एफडी, बँकेतले पैसे, शेअर, म्युच्युअल फंड, गोल्ड बाँड, सगळं. "तिकडचं यांना काय कळतंय" हे आपल्या लोकांत फार ऐकू येतं, पण भारत आणि ब्रिटन बँक खात्यांची माहिती एकमेकांना दर वर्षी पाठवतात, टॅक्ससाठी, आणि एफडी तर व्याजासकट दिसते. न सांगणं म्हणजे फ्रॉड, त्यात पैसे परत, वर दंड, आणि मिस्टरांना पुढे सिटिझनशिप घ्यायची असेल तर तिथेही ते आडवं येणार.

तुमचे इथले ९,५०० आणि पाच लाखांचे आजच्या भावाने साधारण सव्वाचार हजार पौंड, मिळून १३,७५० च्या आसपास. १६,००० च्या आतच की! म्हणजे एफडी लपवायची मुळात गरजच नाहीये. ६,००० च्या वर ७,७५० आहेत, म्हणजे ३१ वेळा ४.३५, महिना १३४.८५ कापले जातील. ९९०.९६ मधून ते गेले तरी ८५६ पौंड आणि वर भाडं. सेव्हिंग खर्च होत जाईल तसं दर महिन्याला कळवत जा, कपात आपोआप कमी होते.

आणि तीच एफडी दिरांच्या नावावर केलीत तर? डीडब्ल्यूपी, म्हणजे यूसी देणारं सरकारी खातं, विचारणार की क्लेमच्या तोंडावर पैसे कुठे गेले, आणि सेव्हिंग कमी दाखवायला दिले असं त्यांना वाटलं तर ते पैसे अजून तुमच्याकडेच आहेत असं धरून हिशोब करतात. म्हणजे पैसे दिरांकडे, कपात तुमच्या माथी, आणि घरात भाऊबंदकीचं निमित्त वेगळंच. रोजचा खर्च, भाडं, क्रेडिट कार्डचं देणं यावर सेव्हिंग खर्च करायला काही हरकत नाही, पावत्या ठेवा म्हणजे झालं.

आता वाकडचा फ्लॅट. भारतातलं सगळं मोजतात हे ऐकून तुम्ही घाबरला असाल पण तुमच्या बाबतीत बहुतेक सुटका आहे. आपण राहत नाही असं घर एरवी सेव्हिंगसारखंच मोजतात, बाजारभावातून गृहकर्ज आणि विक्रीखर्चाचे १० टक्के वजा करून, आणि पुण्यातला टू बीएचके म्हणजे १६,००० चा आकडा कधीच पार झाला. पण यूसीच्या नियमांत एक सूट आहे. त्या घरात जवळचे नातेवाईक राहत असतील, म्हणजे आई-वडील किंवा सासू-सासरे, आणि ते पेन्शनच्या वयाचे असतील किंवा आजारपणामुळे काम करू शकत नसतील, तर ते घर मोजायचं नाही. इथलं पेन्शनचं वय २०२५-२६ मध्ये ६६ होतं, पुढे ते टप्प्याटप्प्याने ६७ होतंय. सासू-सासऱ्यांचं वय तुम्ही लिहिलं नाहीये, पण दोघांपैकी एकजण जरी त्या वयाच्या पुढे असेल तरी सूट लागू होते. क्लेममध्ये फ्लॅट आहे हे स्पष्ट लिहा, लगेच पुढे लिहा की त्यात मिस्टरांचे आई-वडील राहतात, त्यांची जन्मतारीख ही. पुरावा म्हणून सासऱ्यांना सांगा त्यांच्या नावाचं लाईट बिल असेल तर त्याचा फोटो, सोसायटीची मेंटेनन्सची पावती आणि आधार कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवायला. बिल मिस्टरांच्या नावावर असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लेटरहेडवर दोन ओळी इंग्लिशमध्ये लिहून घ्या की हे इथे राहतात. समोरच्या केस मॅनेजरला हा नियम माहीत नसण्याची शक्यता भरपूर आहे, फ्लॅट म्हटलं की सरळ नाही म्हणतात काही जण, तसं झालं तर गप्प बसू नका, जर्नलमध्ये, म्हणजे यूसीच्या ऑनलाइन अकाउंटमधल्या निरोपांच्या पानावर, मँडेटरी रिकन्सिडरेशन, म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागा आणि २०१३ च्या युनिव्हर्सल क्रेडिट रेग्युलेशन्सचं शेड्यूल १० बघा म्हणून लिहा.

फ्लॅट भाड्याने दिलेला असता तर मात्र मी तुम्हाला यूसीचं नावच घ्यायला सांगितलं नसतं.

त्याच रेग्युलेशन्समध्ये एलआयसीसारखी आयुर्विम्याची पॉलिसीही मोजत नाहीत, आणि अंगावरचे दागिने, पाटल्या, मंगळसूत्र वगैरे वापरायच्या वस्तू म्हणून सोडून देतात. पण हे वाचून एफडी मोडून दागिने करायला निघू नका, सेव्हिंग कमी दाखवायला घेतलेलं सोनं धरतात ते.

आता मिस्टरांचं. ताई, हे नुसतं समजूत काढण्यापुरतं नाहीये, यूसीचा क्लेम नवरा-बायकोचा एकत्रच असतो. एकाने ऑनलाइन अकाउंट उघडलं की दुसऱ्याला जोडायला कोड येतो, दोघांनी आपापली माहिती भरायची, दोघांनी जॉबसेंटरमध्ये ठरलेला करार मान्य करायचा. त्यांनी नाही म्हटलं तर तुमचाही क्लेम बंद. त्यामुळे त्यांच्यासाठी मी दुसऱ्या दारातून जायला सांगेन. न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे जेएसए, नावाचं एक आहे, २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ९२.०५ पौंड, जास्तीत जास्त सहा महिने, आणि ते पूर्णपणे त्यांनी स्वतः भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सवर मिळतं. सेव्हिंग बघत नाहीत, बायकोचा पगार बघत नाहीत, पुण्यातला फ्लॅट तर नाहीच नाही. पे स्लिपवर दर महिन्याला एनआय म्हणून जे कापलं गेलं ते याच्यासाठीही होतं. याला कोणी भीक म्हणत असेल तर गाडीचा इन्शुरन्स क्लेम करणं पण भीकच की. हे पैसे यूसीमधून पौंडाला पौंड वजा होतात, एकूण रक्कम वाढत नाही, हे खरंय, पण यूसीचे पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात आणि हे सहसा त्याआधी सुरू होतात, शिवाय यूसीचं काही अडलं तरी हे हातात राहतं. दोन्ही एकाच दिवशी टाका.

जॉबसेंटरवाले त्यांना आठवड्याला ३५ तास नोकरी शोधा म्हणणार, ते ते करतायतच. फक्त सुरुवातीला जास्तीत जास्त चार आठवडेच "मी माझ्याच लाइनमधलं शोधतोय" म्हणता येतं, नंतर दुसरंही बघा म्हणतात, हे त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे तिथे जाऊन डोकं फिरणार नाही. तुम्हालाही विचारतील तास वाढवता येतील का. आणि डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला जायचं ठरलं असेल तर आधी कळवा. यूसी महिन्याभरापर्यंत चालू राहतं, नोकरी शोधणं चालूच ठेवावं लागतं, जेएसए मात्र साधारणपणे परदेशात असताना देत नाहीत.

चाइल्ड बेनिफिटचं, म्हणजे मुलांमागे मिळणाऱ्या सरकारी पैशांचं, पत्रात काहीच नाही, आणि ८५,००० पगार होता म्हणजे तुम्ही ते घेत नसणार असं मी धरून चालते. त्यात अजूनही वर्षाचंच उत्पन्न बघतात, पण ज्याचा पगार जास्त त्या एकाचंच, आणि चालू टॅक्स वर्षाचं. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिन्यांचे साधारण ३५,००० झाले, आणि रिडंडन्सी ३०,००० च्या आत असल्याने त्यावर टॅक्स नसतो, ती यात येत नाही. परत करायला लागणं ६०,००० च्या वर सुरू होतं. म्हणजे आत्ता पूर्ण तुमचं, २०२५-२६ च्या दराने मोठ्याचे आठवड्याला २६.०५ आणि धाकटीचे १७.२५. फॉर्म भरून पैसे नको म्हटलं असेल तर एचएमआरसीच्या, म्हणजे टॅक्स खात्याच्या, ॲपवरून पुन्हा चालू होतं आणि या टॅक्स वर्षातले आधीचे महिनेही मागून बघा, मुळात फॉर्मच भरला नसेल तर नवीन क्लेम टाका, तो तीन महिने मागे जातो. मिस्टरांना लवकर मोठी नोकरी लागली तरी वर्षाचं ६०,००० च्या आत राहिलं तर एक पैसा परत करायचा नाही. हे यूसीमधून कापतही नाहीत.

कौन्सिल टॅक्सची सवलत यूसीमध्ये धरलेली नसते, ती कौन्सिलकडे वेगळी मागावी लागते, निम्मे लोक इथेच विसरतात. शाळेतलं जेवण धाकटीला इयर टूपर्यंत तसंही फुकट आहे, मोठ्यासाठी सध्या वर्षाचा पगार हातात ७,४०० च्या आत लागतो, तुमचा वर जातो, पण सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये यूसीवरच्या सगळ्या मुलांना मिळणार आहे. मिस्टरांचा पाच महिने कापलेला टॅक्स पूर्ण वर्षाच्या पगाराच्या हिशोबाने कापलेला असणार, वर्षभर नोकरी नाही लागली तर त्यातलं बरंच परत येईल, जेएसए घेतायत म्हणून पी ४५, म्हणजे नोकरी सुटल्यावर कंपनी देते तो पगार-टॅक्सचा कागद, जॉबसेंटरला द्यायचा आणि रिफंड टॅक्स वर्ष संपल्यावर निघतो.

क्लेम भरताना भाड्याचा करार, दोघांचे बँक डिटेल्स, मिस्टरांचा ई-व्हिसा शेअर कोड आणि एफडीची पावती हाताशी ठेवा. पाच आठवडे निघत नसतील तर ॲडव्हान्स मागता येतो, महिन्याभराच्या रकमेइतका, पण ते कर्ज आहे, पुढे २४ महिन्यांत कापून घेतात. तुमच्याकडे ९,५०० आहेत तर मी तरी घेणार नाही. फॉर्ममध्ये अडलात तर सिटिझन्स ॲडव्हाइसची हेल्प टू क्लेम सेवा फुकट आहे, फोनवर बसून भरून घेतात. नोकरी लागली की यूसी पगार बघून आपोआप कमी होत शून्यावर येतं, कुणाला तोंड दाखवायला जायचं नाही.

ता. क. हे वाचून स्किल्ड वर्कर व्हिसावरचे लोक मला लिहिणार म्हणून आधीच सांगते. तुमच्या ई-व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स", म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, असं असेल तर यूसी, चाइल्ड बेनिफिट आणि कौन्सिल टॅक्सची सवलत यांना हात लावू नका, व्हिसाची अट मोडते. न्यू स्टाइल जेएसए पब्लिक फंडात येत नाही, ते एनआयवर मिळतं, पण नोकरी गेल्यावर स्पॉन्सर होम ऑफिसला कळवतो आणि तुमच्याकडे साधारण ६० दिवस उरतात, त्यामुळे तुमचा पहिला फोन इमिग्रेशन सॉलिसिटरला. आणि नवरा-बायकोतला एक सेटल्ड, म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क असलेला, आणि दुसरा डिपेंडंट किंवा स्पाउस व्हिसावर असेल तर सेटल्ड माणूस क्लेम करू शकतो, पण पैसे एकट्याच्या दराने मिळतात, म्हणजे २०२५-२६ च्या दराने २५ किंवा त्यावरच्याला ४००.१४ आणि मुलांचे वेगळे, कमाई आणि सेव्हिंग मात्र दोघांचं धरतात.